दोन तासांवरची लेक

मंजुळाबाईंची धाकटी लेक दोन तासांवर राहते, हे पारोळ्याच्या त्या गल्लीत शेंबड्या पोरापासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. धाकटी, म्हणजे दिपमाला, कोलकात्यात बँकेत अधिकारी होती. थोरली नूतन धुळ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. पारोळ्याहून धुळं एसटीनं तासाभराचं. पण नूतन एका तासावर राहते असं कधी कोणी म्हटलं नाही. मंजुळाबाईंना कोणी विचारलंच तर त्या म्हणायच्या, “नूतन ना? ती काय, आठेच शे, धुयाले.” म्हणजे इथंच, हाताशी.

हे दोन तास मायच्या डोक्यात घातले होते नूतननंच. दोन वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी ती नेहमीसारखी पिशवी घेऊन आली, तेव्हा माय ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. बोलता बोलता तिनं विचारलं, “आपली दिपा कितली दूर शे वं?”

नूतननं मोबाइलवर एक पान उघडलं. एका चौकटीत एका विमानतळाचं नाव घालायचं, दुसरीत दुसऱ्याचं. खाली दोघांमधलं अंतर येतं आणि उडायला किती वेळ लागेल तेही येतं. तिनं घातलं कोलकाता आणि जळगाव. तेराशे चाळीस किलोमीटर. दोन तास. नकाशावर बंगालपासून खान्देशापर्यंत एक रेघ उमटली, मधल्या सगळ्या नद्या आणि डोंगर ओलांडून.

“दोनच तास?” माय म्हणाली.

“विमानानं, माय.”

“मंग आपलं जळगावले शेच ना इमानतळ.”

नूतन सांगणार होती की हे नुसतं मोजमाप आहे. जळगावहून विमानं उडतात, पण कोलकात्याचं त्यात नाही. त्या रेघेवरून कोणी येत नाही आणि जातही नाही. पण मायनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं होतं आणि पदरानं डोळे पुसले होते. पोटातली कळ थांबल्यावर माणूस सैल होतं, तशी ती भिंतीला टेकली होती. नूतननं मोबाइल पिशवीत टाकला.

पुढच्या शनिवारपर्यंत मायनं शेजारच्या धनकुंवर काकींच्या सुनेकडून ते पान स्वतःच्या फोनवर घेतलं होतं. दिवसातून एकदा तरी ती ते उघडायची. जणू मधल्या काळात कोलकाता सरकून लांब गेलं असतं. भाजीवालीला, गॅसवाल्याला, देवळातल्या बायांना सांगायची, “मनी दिपमाला दोन तासवर शे.”

एकदा नूतननं गंमत म्हणून धुळ्याचं नाव घातलं. धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे, शिकाऊ वैमानिकांची लहान विमानं तिथं घिरट्या घालत असतात, त्यामुळे धुळ्याचंही नाव त्या यादीत होतं. जळगाव ते धुळे, काही मिनिटं.

“बघ माय, मी तर मिनिटांवर आहे.”

माय खळखळून हसली. “धुयाथीन कोन इमानमा बसस वं!”

नूतनही हसली. मग स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच स्वच्छ पातेलं पुन्हा घासलं.

दर शनिवारी तीच यायची. मायची औषधं आणायची, नखं कापायची, विजेच्या बिलासाठी रांगेत उभी राहायची. जेवायला उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा असायचा. तिला तो आवडायचा, प्रश्न तो नव्हता. दिपमाला वर्षाकाठी एकदा यायची. विमानानं मुंबई, मुंबईहून रात्रीची रेल्वे, जळगावहून गाडी. दीड दिवसाच्या प्रवासानं चेहरा उतरलेला असायचा तिचा, आणि त्या उतरलेल्या चेहऱ्यासाठी मांडे भाजायचं मातीचं खापर बाहेर निघायचं, पुरण शिजायचं, माय या वयात दोन्ही हातांवर मांडा फिरवायची. तेव्हा पुरण वाटायला नूतन आदल्या दिवशीच आलेली असायची. “तू काय, घरनीच,” माय म्हणायची आणि पहिला मांडा दिपमालाच्या ताटात घालायची.

नूतननं आयुष्यभर पुस्तकं वाचली होती. मत्सर कसा असतो, कुठून येतो, माणसाचं काय करतो, हे तिनं चांगल्या चांगल्या लेखकांकडून समजून घेतलं होतं. त्याचा उपयोग काडीचाही झाला नाही.

गेल्या वर्षी कॉलेजात एका कार्यक्रमासाठी कोलकात्याहून पाहुणे आले. त्यांची व्यवस्था नूतनकडे होती. ते मुंबईला आलेच नाहीत. सकाळच्या विमानानं थेट इंदूरला उतरले. नूतननं पाठवलेल्या गाडीत बसले, सेंधव्याचा घाट उतरून, शिरपूरवरून संध्याकाळच्या आत धुळ्यात. दिपमालासाठी हा रस्ता किती सोपा, हे तिला त्याच संध्याकाळी कळलं. तिनं सांगायला फोन हातात घेतला. मग वाटलं, सांगू कधीतरी, घाई काय आहे? तो ‘कधीतरी’ वर्ष झालं तरी उगवला नव्हता. इंदूरचा रस्ता कळला असता तर दिपमाला वर्षातून तीनदा आली असती.

मेमधल्या एका रविवारी पहाटे माय गेली. नूतन आदल्या संध्याकाळी आलेली होती. चहाचं आधण ठेवून तिनं हाक मारली, दुसऱ्यांदा मारली, आणि तिसऱ्यांदा मारायच्या ऐवजी जवळ जाऊन कपाळाला हात लावला. मग परत येऊन आधी गॅस बंद केला.

चुलते, तोताराम नाना, काठी टेकत आले. वय पंच्याहत्तरीचं, पण गल्लीत शब्द त्यांचाच. त्यांनी वहिनीच्या पायांना हात लावला, डोळे टिपले आणि लगेच कामाला लागले.

“दिपाले फोन लाव. दोन तासमा ई जाई ती. अकराले उचलूत.”

नूतननं सांगायला तोंड उघडलं, तोवर नाना बाहेरच्या माणसांना सांगत होते. आणि नानांचा मुलगा अभिमन गाडी काढून जळगावच्या विमानतळाकडे निघालासुद्धा होता.

दिपमाला फोनवर आधी नुसती रडली. मग म्हणाली, “अक्का, मुंबईचं विमान मिळतंय. पण तिथून पारोळा म्हणजे मध्यरात्र होईल. तोवर ठेवतील का मायला? तू सांग ना. पोचेन का मी?”

“थांब, बघते,” नूतन म्हणाली.

ती मधल्या घरात जाऊन धान्याच्या कोठीला टेकून बसली. तेच पान उघडलं. कोलकाता, इंदूर. तेराशेच्या आसपास, दोन तास. ही रेघ मात्र नुसती रेघ नव्हती, तिच्यावरून खरंच विमान उडत होतं. साडेदहाला सुटणारं, आणि त्यात जागा होत्या. एकच्या आत इंदूर. पुढे पाच तासांचा रस्ता. सहा वाजता पारोळा. सूर्य मावळायला तेव्हा तासभर बाकी असेल. मावळल्यावर अग्नी द्यायचा नाही, आणि सकाळी गेलेलं माणूस रात्रभर घरात ठेवायचं नाही, ही तिथली रीत. बरोबर बसत होतं सगळं. शाळेतल्या गणिताच्या उत्तरासारखं, खाली दोन रेघा मारून मोकळं व्हावं असं.

तिनं फोन पालथा ठेवला.

शक्य नाही असं सांगितलं, तर कोणीही दुसऱ्यांदा विचारणार नव्हतं. आणि मग आजचा एक दिवस, पहिला आणि शेवटचा, मायच्या घरात एकच लेक असेल. आज तरी दारातून कोणी दुरून येणार नाही. आज तरी माय मान वळवणार नाही. नूतनला हे शब्द मनात ऐकू आले आणि तिला स्वतःची लाज वाटली नाही, याचंच तिला नवल वाटलं.

ती बाहेर आली. “नाना, कोलकात्याहून जळगावला विमान येत नाही.”

“आज नही येत?”

“कधीच येत नव्हतं.”

नाना तिच्याकडे बघत राहिले. “मंजुळावहिनी त बठ्ठासले सांगे, दोन तास म्हनीसन.”

“ते नुसतं अंतर होतं, नाना. मोजलेलं.”

ओट्यावरचा कोणीतरी म्हणाला, “मंग अभिमन गाडी लिसन कथा गया?” आणि त्याही वेळी दोघंतिघं ओठ दाबून हसले.

“मंग ती काय पोचत नही,” नाना सुस्कारा टाकून म्हणाले. “तू शेस ना. मोठी पोर तू. वहिनी म्हने, माले मन्या पोरीच आग देतीन. तूच मडकं धर.”

हवं होतं ते इतक्या सहज हातात पडलं होतं. नूतन आत गेली, तिनं कोमट पाण्यात कापड बुडवलं आणि मायचा चेहरा पुसला. केस विंचरले. सगळ्या घरात त्या दोघीच. बाहेर बांबू टाकल्याचा आवाज झाला, तिरडीसाठी. तिला वाटलं होतं आता काहीतरी भरून येईल, आजवर न मिळालेलं एखादं माप पुरं होईल. तिनं पुन्हा एकदा केस विंचरले, खरं तर विंचरायची गरज नव्हती.

फोन वाजला.

“अक्का, तू काही बोललीच नाहीस,” दिपमालाच्या मागे गाड्यांचा, माणसांचा गोंगाट होता. “मी विमानतळावर आलेय. तिकीट नाही काढलेलं. दारात उभी आहे. तू सांगशील ते काढते.”

नूतनच्या डोक्यात तिडीक गेली. ही अशीच. लहानपणीही दप्तर पाठीला लावून केस मोकळे सोडून दारात उभी राहायची, आणि घंटा व्हायच्या आधी तिची वेणी घालायचं काम नूतनचं. इतकी मोठी अधिकारी झाली, शंभर माणसं हाताखाली, आणि तिकीट कुठलं काढायचं हे ठरवायला अक्का. कुठं जायचं हे माहीत नसताना घरातून निघून मोकळी! नाही म्हणून बघावं कोणी तिला.

“इंदूरचं काढ,” नूतन खेकसली. “साडेदहाचं आहे, पळ. तिथं गाडी उभी राहील, मी सांगते गाडीवाल्याला. आणि काहीतरी खाऊन घे, घाटात तुला मळमळतं.”

फोन ठेवल्यावर ती मायकडे न बघताच बाहेर गेली. “नाना, दिपा येतेय. सहापर्यंत. थांबायचं.”

तिथून दिवस उलटा फिरला. सकाळी जिला सगळे “तूच शेस ना” म्हणत होते, तिच्याशी आता सगळे भांडायला उठले. गावात मयत थंड ठेवायची एकच पेटी होती, ती अमळनेरला कोणाकडे तरी गेलेली होती. ऊन नऊलाच डोक्यावर आलं होतं.

“ऊन कितलं शे देख,” नाना म्हणाले. “संध्याकाळलोंग मानूस ठेवतस का कोनी? आनि गल्लीमा चूल नही पेटनी अजून. पोरंसोरं उपाशी शेतस.”

मढं उचलल्याशिवाय गल्लीतल्या एकाही घरात चूल पेटवायची नाही, ही रीत नूतनला ठाऊक होती. तिच्याच लहानपणी ती शेजारच्या मयताला दुपारपर्यंत उपाशी राहिलेली होती.

“पेटवू द्या ना नाना. मायला काय वाटणार आहे? पोरांना उपाशी ठेवलेलं तिला कधी चाललं का?”

“रीत म्हनीसन काही ऱ्हास का नही?”

“रीत सूर्य मावळायच्या आतची आहे. सहाला दिपा येईल, सातला सूर्य मावळेल. मी कुठं रीत मोडते?”

नानांनी काठी आपटली. तेव्हा शेजारच्या धनकुंवर काकी पुढे झाल्या. त्यांच्या तीन पिढ्या पारोळ्यात किराण्याच्या दुकानात गेल्या होत्या, पण राग आला की त्या अजून मारवाडी हिंदीच्या वळणानं बोलायच्या. “नाना, माझी चूल पेटणार. पाप लागेल तर मला लागू दे, मैं देख लूँगी. सगळ्या पोरांना माझ्याकडे पाठवा.” आणि त्या पदर खोचून निघाल्यासुद्धा. मग नानांनी काठी भिंतीला टेकवली. थोड्या वेळानं काकींच्या घरून खिचडीचा वास आला आणि पोरांबरोबर दोन म्हातारेही हळूच तिकडे सरकले.

अभिमनचा फोन आला. “अक्का, मी कधीचा उभा शे इथं. वॉचमन मला म्हणतो, कोलकात्याचं इमान? भाऊ, तुम्हाले कोनी सांगितलं?”

“तुझ्या काकूनं सांगितलं,” नूतन म्हणाली, आणि त्या दिवसातलं पहिलं रडू तिथं फुटलं, फोन कानाला असतानाच. अभिमन घाबरून ‘अक्का, अक्का’ करत राहिला. तिनं नाक पुसून त्याला येताना बर्फाच्या लाद्या आणायला सांगितल्या.

बर्फ आला. भुसा पडला, घमेली मांडली, पाणी ओसरीवरून अंगणात वाहू लागलं. नूतन ते निपटत राहिली. बोदवडहून मामेबहिणी आल्या, शिंदखेड्याहून आत्याची मुलं आली, धुळ्याहून तिचा नवरा योगराज आला. आणि जो आला त्यानं हात जोडून, डोळे टिपून, पहिला प्रश्न एकच विचारला. दिपमाला कुठंवर आली?

इंदूरला उतरली. बरं झालं. घाट लागला का? लागला. सेंधव्यात ट्रकांची गर्दी असते हो. निघाली का त्यातून? निघाली. बिचारी एकटी, काय चाललं असेल तिच्या मनात! शिरपूर आलं का?

नूतन सगळ्यांना उत्तरं देत होती, कारण फोन तिच्याच हातात होता. मायच्या मरणाच्या दिवसाचाही शेवटी दिपमालाचा प्रवास झाला होता. लोक आत जाऊन मायकडे बघून येत, आणि मग ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत. मायही आयुष्यभर तेच करत आली होती. आणि त्या सगळ्यांना आशेला लावणारी, बर्फ टाकून, भांडून त्यांना ताटकळत ठेवणारी ती स्वतःच होती. नूतनला पहाटेचं ते आधण आठवलं. माय गेली तेव्हा घरात कोणी हंबरडा फोडला नव्हता. एक गॅस बंद झाला होता फक्त.

दुपारनंतर नाना पुन्हा दोनदा उठले, दोनदा तिच्या तोंडाकडे बघून बसले.

सहाला काही मिनिटं असताना गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. बायका उठल्या, रडण्याची लाट उसळली, गर्दीनं आपोआप वाट करून दिली. दिपमाला त्या वाटेनं धावत आत गेली आणि मायच्या अंगावर पडली. विजार-कुर्ता चुरगळलेला, डोळे सुजलेले, केसांत घाटातली धूळ. ओसरीवरची एकही बाई कोरडी राहिली नाही. नूतन खांबाला धरून उभी होती. तिचे डोळे कोरडे ठणठणीत होते.

बऱ्याच वेळानं दिपमाला उठली आणि बहिणीच्या गळ्यात पडली. हुंदक्यांतून, कानाशी, ती म्हणाली, “इतकं सोपं होतं, अक्का? मग मी दर वेळी मुंबईवरून का येत होते गं?”

तिच्या आवाजात आरोप नव्हता, तिला खरंच प्रश्न पडला होता. नूतनला उत्तर माहीत होतं.

“आधी मायला पाणी पाज,” ती म्हणाली. “उशीर होतोय.”

दिपमालानं तुळशीचं पान भिजवून ओठांवर ठेवलं. खांदेकरी पुढे झाले. अंगणात गोवऱ्यांचं मडकं धुमसत होतं, त्याला दोरीचं शिंकं बांधलेलं होतं. नानांनी ते उचललं, इकडेतिकडे पाहिलं आणि मऊ आवाजात म्हणाले, “दूरथीन उनी बिचारी. दिवसभर उपाशी. मडकं दिपाच्या हाती देऊत.”

“हो हो,” बायका म्हणाल्या. “वहिनीचा जीव होता तिच्यावर.”

दिपमालाचा हात पुढे झालाच होता.

“नाही नाना,” नूतन म्हणाली. “मडकं मी धरणार.”

योगराज खाली बघू लागला. आज असं बोलतात का, असं कोणीतरी पुटपुटलं. नूतनला ते ऐकू आलं आणि ती जागची हलली नाही. तिनं हिला रस्ता दिला होता, दिवसभर सगळ्या गावाला धरून ठेवलं होतं. हे ती देणार नव्हती. समजूतदारपणानं नाही, मोठ्या मनानं नाही, कशानंच नाही.

दिपमालानं तिच्याकडे पाहिलं. मग हात मागे घेतला. “धर, अक्का,” ती म्हणाली. तिला वाईट वाटलं की बरं वाटलं ते कळायला मार्ग नव्हता.

नूतननं शिंकं धरलं. मडकं धरणाऱ्यानं सगळ्यांच्या पुढे चालायचं आणि मागे वळून बघायचं नाही. ती चालू लागली. मागे खांदेकऱ्यांचा आवाज होता, आणि त्याहून जवळ एकाच माणसाची पावलं. अनवाणी.

बाजारपेठ संपून डांबरी रस्ता लागला. दिवसभर तापलेलं डांबर सहा वाजून गेले तरी पोळत होतं. नूतनचे तळवे सकाळपासून अंगणात, ओट्यावर फिरून निबर झाले होते, तरी तिला चटका बसला. मागची पावलं अडखळली. एक पाऊल पडायचं, दुसरं उचलून धरलेलं असायचं. मग तोंडातून आत घेतलेला श्वास, दातांमधून. दिपमालाला थांब म्हणवेना आणि चप्पल मागवेना. ती तशीच येत होती.

येऊ दे, नूतनला वाटलं. रात्री सगळी गल्ली तिच्या पायांना तेल लावायला बसेलच.

वीसएक पावलं ती तशीच रस्त्याच्या मधून चालली. मग तिनं मडकं दुसऱ्या हातात घेतलं आणि डांबर सोडून कडेच्या मातीत उतरली. पुढचं माणूस उतरलं म्हणून मागची तिरडी उतरली, तिरडी उतरली म्हणून सगळी माणसं उतरली.

“नूतन, सरळ चाल वं!” मागून नाना ओरडले. “तठे काटा शेतस!”

बाभळीच्या सावलीत माती गार होती. नूतन वळली नाही आणि रस्त्यावरही परत चढली नाही. काटे दिसले की ती पायानं बाजूला सारत होती, आणि मागची पावलं आता नीट पडत होती.